बघून पाय टाक

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेचा नायक राजपुत्र आहे, असा जगभर समज आहे. आमच्या कोयनानगरात हा मान फरशीला आहे. राजपुत्राचं काय, १९८९पासून त्याचा चेहरा, कपडे, आवाज, स्वभाव सगळं कितीदा तरी बदललं. बहुतेक भागांत तर त्याचं नावही कुणी ठेवलं नाही. बारसं राहून गेलेला असा दुसरा राजपुत्र सापडायचा नाही. फरशी मात्र पहिल्या दिवसापासून आपल्या शब्दाला जागून आहे. दिसायला शेजारणीसारखीच, आणि पाय पडला की थरथरून खाली.

ज्यांनी हा खेळ खेळला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुलतान परमुलखात लढाईवर गेलाय. मागं वजीर जाफर राज्य बळकावतो आणि राजकन्येला सांगतो, माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. विचार करायला तासभर देतो. तिच्यासमोर वाळूचं घड्याळ वाहायला लागतं. तिचा प्रियकर तळघरात कैदेत. अंगावर पांढरे कपडे, हातात काही नाही. त्यानं साठ मिनिटांत बारा टप्पे पार करून वर महालात पोचायचं. वाटेत जमिनीतून वर येणारे सुळे, मधोमध दोन तुकडे करणारी पाती, तलवारवाले पहारेकरी, आणि फरश्या. एक मजला खाली पडलात तर निभावतं. दोन मजले पडलात तर तब्येतीचा एक त्रिकोण जातो. तीन मजले पडलात तर तुम्ही गेलात, घड्याळ मात्र चालूच.

कच्ची फरशी ओळखायची एक युक्ती आहे. उभ्या जागी उडी मारायची. त्या ओळीतल्या कच्च्या फरश्या तेवढ्या खडखडतात आणि पुन्हा गप्प होतात. ही युक्ती दुसऱ्या गावातल्या पोरांना एकमेकांकडून शिकावी लागली असेल. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेल्या पोराला कोण शिकवणार? आमच्याकडं उडी जमीनच मारते. आपण फक्त कुठली भांडी वाजली ते बघायचं.

कोयनेच्या धक्क्याचा एक शिष्टाचार आहे, तो परगावच्या पाहुण्यांना माहीत नसतो. पाहुणा किंचाळून अंगणात पळतो. घरचा माणूस आधी गॅस बंद करतो आणि मग विचारतो, “झाला का?” शेजारून उत्तर येतं, “झाला.” एवढ्यानं कार्यक्रमाचा पहिला भाग संपतो. दुसऱ्या भागात तीव्रतेची बोली लागते. मांडणीवरची ताटं नुसती किणकिणली तर अडीच. तांब्या गडगडला तर साडेतीन. पलीकडचे साहेब बनियनवर रस्त्यात आले तर चार. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा येतो, केंद्रबिंदू हेळवाक गावाच्या अमुक दिशेला अमुक किलोमीटर असल्याचं कळतं, आणि शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: धरण सुरक्षित, कोठेही हानी नाही. ज्याची बोली आकड्याच्या जवळ, तो दिवसभर भूगर्भशास्त्रज्ञ.

ही थट्टा करायचा हक्क आम्ही फुकट मिळवलेला नाही. १९६२-६३च्या सुमारास धरणात पाणी साठायला लागलं आणि पाठोपाठ जमीन कुरकुरायला लागली. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी तिनं कुरकुर सोडली. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर आडवं झालं. धरणाच्या साठ्यामुळं भूकंप होतात का, या प्रश्नासाठी जगभरचे शास्त्रज्ञ तेव्हापासून आमच्या खोऱ्याकडं बघतायत. आई तेव्हा शाळेत होती. पुढं कितीतरी दिवस सगळी घराबाहेर मांडवात झोपायची, एवढंच ती सांगते. छताखाली झोपायला लागल्यावरही निजण्याआधी ती जमिनीला हात लावून बघायची. नमस्कार होता की तपासणी, हे तिनं कधी सांगितलं नाही.

हा खेळ आईनं पहिल्यांदा पाहिला तो माझ्या पाठीमागं उभं राहून, हातात सोलायचा लसूण घेऊन. राजपुत्र पळत होता, पडत होता, पुन्हा उठत होता. तिसऱ्या मरणाला ती म्हणाली, “आरं, बघून पाय टाक की!” मी म्हटलं, सगळ्या फरश्या सारख्याच आहेत, बघणार काय? ती म्हणाली, “सारख्या कुठल्या? ती दुसरी मघाशी हालली न्हाई व्हय?” हलली होती. पडद्यावरच्या दोन-चार ठिपक्यांची थरथर, मला दिसलीच नव्हती. तेव्हापासून अवघड जागी मी आईला हाक मारायचो. ती लसूण सोलत यायची, “तिसरी आन् पाचवी” असं सांगायची आणि फोडणी जळेल म्हणून परत जायची. त्या घरात भूकंपमापक यंत्र होतं आणि ते दोन वेळचा स्वयंपाकही करायचं.

आमच्यापर्यंत हा राजपुत्र आला तो कराडमार्गे. नव्वदच्या दशकात कराडच्या कॉम्प्युटर क्लासात डॉस, वर्डस्टार आणि लोटस शिकवायचे. एस.टी.नं कराड गाठायचं, चपला दाराबाहेर काढायच्या, एसीच्या गारव्यात शिरायचं आणि सर बाहेर चहाला गेले की वर्डस्टारमधून थेट पर्शियात. खेळ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत आलेला. त्या काळी विकत घेतलेला खेळ कराडात कुणी पाहिला असेल तर तो विकणाऱ्यानंच.

पण खेळ बनवणाऱ्यांना आमचा अंदाज होता. पहिला टप्पा संपला की राजपुत्र एका खोलीत यायचा. तिथं बाटल्या मांडलेल्या, प्रत्येकीवर एकेक इंग्रजी अक्षर. खाली सूचना यायची: माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीतला अमुक शब्द बघ आणि त्याचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर असेल ती पी. चुकीची बाटली म्हणजे विषाचा घोट. आता पुस्तिका कुठून आणायची? ती तर फ्लॉपीवर मावत नाही. मग आम्ही राजपुत्राला एकेक बाटली चाखायला लावायचो. बरोबर अक्षर सापडलं की पान, ओळ, शब्द आणि अक्षर असं वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवायचं. ही वही क्लासात हातोहात फिरायची. कधीही न पाहिलेल्या पुस्तिकेची अशी अक्षरावर आधारित संशोधित आवृत्ती आम्ही तयार केली. विद्यापीठात एवढ्यावर पीएच.डी. मिळते, आम्हाला वर्डस्टारमध्ये काठावर पास व्हावं लागलं.

या सगळ्या छळामागचा माणूस म्हणजे जॉर्डन मेकनर. कॉलेजात असतानाच त्यानं ‘कराटेका’ नावाचा खेळ केला होता. राजपुत्राला माणसासारखं पळवायचं म्हणून १९८५मध्ये त्यानं आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून एका पार्किंगमध्ये पळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावलं आणि व्हिडिओ कॅमेऱ्यानं टिपून एकेक चौकट कॉम्प्युटरात उतरवली. तलवारीचे हात घेतले १९३८च्या रॉबिन हूडच्या सिनेमातून. संगीत वडिलांनी दिलं. म्हणजे भाऊ नायक, बाबा संगीतकार आणि पैसा बेताचा. आमच्याकडं गणेशोत्सवात नाटक बसतं ते याच रीतीनं.

त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट काटकसरीची आहे. ॲपल टू या कॉम्प्युटरची तुटपुंजी मेमरी राजपुत्रानंच खाऊन टाकली. शत्रूचं नवं चित्र ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा मेकनरनं राजपुत्राचंच चित्र थोडी आकडेमोड करून उलटसुलट केलं आणि त्यातून एक झगमगता छायापुरुष उभा राहिला. चौथ्या टप्प्यात राजपुत्र आरशात उडी मारतो आणि दुसऱ्या बाजूनं ही सावली बाहेर पडते. पुढं ती त्याचं औषध पिऊन जाते, त्याच्या तोंडावर दरवाजा पाडते. शेवटी दोघं समोरासमोर येतात. तुम्ही तिला वार केला की तब्येत तुमचीच उतरते. कराडच्या क्लासात आम्ही इथं दिवसेंदिवस मरत होतो. उपाय इतका साधा की कुणाला सुचेना: तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगावर चालत जायचं; दोघं एक होतात. अद्वैताचा हा धडा आम्हाला कुठल्या कीर्तनात मिळाला नाही. तो मिळाला मेमरी कमी पडली म्हणून.

आता दरवाजांकडं वळतो, कारण इथं आमचे नाना येतात. नाना प्रकल्पात यांत्रिकी विभागात होते. कोयना धरणाला सहा वक्र दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात ते किती उचलले यावर कराडपासून सांगलीपर्यंतचं लक्ष असतं. कोयना पूर्वेला येऊन कराडला कृष्णेला मिळते. तिथून पुढं सांगलीच्या पुराशी तिचं काय नातं आहे, हे सांगलीकरांना विचारावं, पण सावकाश बसायची तयारी ठेवून. तर आमच्या घरी ‘दरवाजे’ या विषयावर थट्टा चालत नसे. खेळात मात्र फरशीवर पाय पडला की कुठला तरी दरवाजा वर जातो. कुठला, ते दिसत नाही. थोड्या वेळानं तो आपोआप खाली येतो. दुसऱ्या एका फरशीवर पाय पडला की उघडा दरवाजा धाडकन बंद.

नानांनी हे एकदा चष्मा लावून नीट पाहिलं. मग चौकशी सुरू झाली.

“दरवाजा उचलायचा आदेश कुणाचा?”

“कुणाचाच नाही. पाय पडला की उघडतो.”

“खालच्या गावांना इशारा दिला?”

“नाना, पाणी नाहीये त्याच्यात. नुसता दरवाजा आहे.”

“आज नाहीये. उद्या येईल. भोंगा तरी वाजवतात का?”

तेवढ्यात एक सुटी फरशी वरून निखळून त्या कळीच्या फरशीवर पडली. खेळात असं झालं की वजनानं कळ दाबलेलीच राहते आणि दरवाजा कायमचा उघडा. आम्ही पोरं याला नशीब समजायचो. नाना खुर्चीतून उठले. “म्हणजे दरवाजा अडकला! आणि तुम्ही पुढं पळताय? नोंदवहीत लिहा आधी.” जाफरच्या राज्याबद्दल त्यांचं मत त्या दिवशी कायमचं वाईट झालं. राजकन्येवर जबरदस्ती हा एक भाग. पण देखभाल-दुरुस्ती शून्य, हे त्यांना जास्त लागलं.

नानांचा राग समजून घ्यायचा तर त्यांचं तळघर कसलं होतं ते कळायला हवं. कोयनेचं पाणी पूर्वेला न सोडता डोंगराच्या पोटातून पश्चिमेला नेलं आहे. सह्याद्रीतून बोगदे, पलीकडं पोफळीला जमिनीखाली वीजगृह, आणि वीज करून झाली की पाणी वाशिष्ठीत. चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह मिळून १९६० मेगावॅट. चौथ्या टप्प्यासाठी तर कमालच केली. भरलेल्या शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, तळाखालून बोगदा खणत नेला, शेवटी मधे खडकाचा एक पडदा ठेवला, आणि १३ मार्च १९९९ला तो सुरुंगानं उडवून तलाव आतून फोडला. आशियातला हा असा पहिला प्रयोग. पुढं २५ एप्रिल २०१२ला दुसऱ्यांदा केला. मी राजपुत्राच्या सगळ्या करामती पाहिल्यात. डोक्यावर अख्खं धरण घेऊन छताला भोक पाडायची हिंमत त्यानं आजवर दाखवलेली नाही.

त्यामुळं १९९३चा दुसरा भाग आणि १९९९चा त्रिमितीतला भाग आम्ही फार मनावर घेतला नाही. त्रिमितीतल्या राजपुत्राला वळायलाच इतका वेळ लागायचा की राजकन्येनं तोवर संसार मांडला असता. १९९९ साली आमच्याकडं बघायला याहून चांगलं काहीतरी चाललं होतं.

खरा भूकंप २००३ला झाला. ‘द सँड्स ऑफ टाइम’. मेकनर स्वतः लेखनाला, आणि करणारे कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे युबिसॉफ्टवाले. राजपुत्र आता भिंतीवरून धावतो, खांबांवरून झेपावतो, आणि त्याच्या हातात काळाचा खंजीर येतो. पडला, मेला, तर खंजिराची कळ दाबायची. काही सेकंदांपुरता काळ उलटा वाहतो आणि तो पुन्हा कड्याच्या अलीकडं सुखरूप उभा. त्यातूनही मेला तर तोच गोष्ट सांगणारा असल्यामुळं मधेच थांबतो आणि छे, असं काही झालं नव्हतं म्हणत पुन्हा मागून सुरू करतो. आमच्या पारावर अशी गोष्ट सांगणारे दोघे-तिघे आहेत, पण त्यांना खंजीर लागत नाही.

हा खंजीर कुठला, तर आपला. खेळाच्या सुरुवातीला राजपुत्र बापाच्या फौजेबरोबर हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या महालावर चालून येतो. महाराजाचा वजीर फितूर होतो. राजपुत्र खजिन्यात शिरून खंजीर लांबवतो. वाळूचं मोठं घड्याळही जातं, आणि महाराजाची कन्या फराह कैदी म्हणून जाते. हे ऐकून आईनं परातीतलं थापणं थांबवलं.

“म्हंजी आपल्याच घरात शिरून चोरी केली, वर पोरगी बी नेली. आन् तू त्यालाच जिंकवायलायस?”

मी म्हटलं, त्याला पुढं पश्चात्ताप होतो.

“माल परत दिला का?”

शेवटी देतो, म्हटलं. काळच मागं नेतो, फितुरी व्हायच्या आत महाराजाच्या महालात येतो आणि खंजीर फराहच्या हवाली करतो. फराहला मधलं काही आठवत नाही. आई म्हणाली, “तिला आठवत न्हाई ते बरंच झालं,” आणि भाकरी तव्यावर टाकली. समीक्षकांनी या शेवटावर पानंच्या पानं लिहिली आहेत. माझ्या मते विषय त्या भाकरीबरोबर संपला.

खंजिरावरून एक बोलणं मात्र घरी बरेच दिवस चाललं. तुला मिळाला तर काळ कुठवर मागं नेशील? मी परीक्षेपर्यंत म्हटलं. नानांनी उत्तर द्यायचं टाळलं. आईनं विचारलं, “किती सेकंद जातंय मागं?” आठ-दहा असतील, म्हटलं. ती हिशेब करत राहिली आणि म्हणाली, “उंबरा वलांडायला तेवढं पुरत्यात.” त्या पहाटेबद्दल ती याहून जास्त कधी बोलली नाही.

यानंतर मालिका वाढत गेली आणि मरण स्वस्त होत गेलं. २००४च्या ‘वॉरियर विदिन’मध्ये निदान हिशेब ठेवला होता: काळाशी खेळलास, आता काळाचा राखणदार दहाका तुझ्या मागं लागणार. तो काळाकभिन्न राक्षस मागून यायला लागला आणि गिटारी कोकलायला लागल्या की हाताला घाम सुटायचा. राजपुत्रानं दाढी वाढवली, बोलणं शिवराळ केलं. मेकनरला हा भाग रुचला नाही, असं त्यानं पुढं सांगितलं. आईला त्याचा मुद्दा एका नजरेत कळला होता: “ह्याला कुणाची संगत लागली?” २००५ला ‘टू थ्रोन्स’मध्ये तो बाबिलोनला घरी परतला, आणि त्याच्यातच एक काळा राजपुत्र वस्तीला आला. २००८च्या भागात तर त्यांनी मरणच काढून टाकलं. कड्यावरून पडलात की एलिका नावाची सोबतीण हात धरते आणि परत वर आणून ठेवते. कितीही वेळा पडा, ती कंटाळत नाही. “सगळं तीच करतीया,” आई म्हणाली, “मग ह्याला कशाला ठिवलाय?”

माझं या सगळ्यावर एकच म्हणणं आहे, आणि ते मी कराडच्या क्लासापासून धरून आहे. ज्या खेळात फरशी खाली गेली तरी माणूस जात नाही, तिथं पाय बघून टाकायला कोण शिकेल? साठ मिनिटं, कच्च्या फरश्या आणि माफी नाही, यातच त्या पहिल्या खेळाची जान होती. जमिनीवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही आणि तरीही चालायचं थांबायचं नाही, एवढंच तो शिकवायचा. कोयनानगरात ते बालवाडीतच शिकवतात.

मुदतीबद्दल मात्र आमच्या खोऱ्याचं मत वेगळं आहे. सुलतानाच्या तळघरात साठ मिनिटांत निकाल लागायचा. शिवसागराखाली ज्यांची गावं गेली, ते धरणग्रस्त साठाहून अधिक वर्षं पुनर्वसनासाठी भांडतायत. तिसरी पिढी आंदोलनाला बसते. त्यांच्यातल्या कुणाला वाळूचं घड्याळ दाखवलं तर तो आधी विचारेल, वाळू कुठल्या नदीची आणि ठेका कुणाचा.

तर अशा आमच्या खोऱ्यात सप्टेंबर २०२०मध्ये बातमी आली की ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्यानं होणार, आणि करणार कोण? युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ! ऊर अभिमानानं भरून आला. हिंदुस्थानातल्या महालातून चोरीला गेलेला खंजीर सतरा वर्षांनी पुण्यात हजर. दुपारी एक ते चारचा विनोद त्या दिवशी महाराष्ट्रात इतक्या जणांनी केला की मी तो इथं करत नाही. तारीख ठरली २१ जानेवारी २०२१. मग झलक दिसली, आणि जगभरच्या चाहत्यांनी चित्रं जुनाट, चेहरे निर्जीव म्हणून झोडपायला सुरुवात केली. मी आमच्या पोरांच्या बाजूनं भांडत होतो. चेहरे निर्जीव म्हणता? राजपुत्र सकाळच्या सिंहगड एक्स्प्रेसनं उभ्यानं आला असेल.

तारीख मार्चवर गेली. मग तारीखच गेली. मे २०२२मध्ये काम पुणे-मुंबईहून काढून पुन्हा मॉन्ट्रियलला दिलं. पुढं २०२६चा वायदा झाला, आणि २०२६च्या जानेवारीत तो खेळ रद्दच झाल्याचं जाहीर झालं. पहिल्या तारखेपासून पाच वर्षं. काळ मागं नेणारा खंजीर ज्याच्या कमरेला, त्याला एक तारीख पाळता आली नाही. देशोदेशीचे चाहते हळहळले. आमच्या पाटण तालुक्यात कुणाला फारसं वाटलं नाही. प्रकल्प जाहीर होतो, मुदत वाढते, ठेकेदार बदलतो आणि शेवटी काम गुंडाळलं जातं, यात नवल वाटायला माणूस दुसऱ्या राज्यातून यावा लागतो.

त्याच काळात ‘द लॉस्ट क्राउन’ आला, जानेवारी २०२४मध्ये, तोही वेळेवर आणि चांगला. त्यात नायक सारगॉन नावाचा योद्धा आहे आणि राजपुत्राला पळवून नेलंय. म्हणजे पस्तीस वर्षांनी का होईना, राजकन्येच्या जागी राजपुत्र बसला. भाचा खेळत होता, मी मागं उभा होतो. फरश्या जिवंत आहेत की नाही, एवढंच बघत होतो. आहेत.

त्या भरात मी स्वतःच एका खेळाचा आराखडा केला: ‘प्रिन्स ऑफ कोयना’. पहिला टप्पा कुंभार्ली घाटात, धुक्यात, समोरून भरलेला ट्रक. दुसरा नवजाच्या जुलैतल्या पावसात. पडदाभर नुसतं पांढरं, म्हणजे चित्रं जुनाट म्हणायला कुणाला वावच नाही. तिसऱ्यात वासोट्याचं जंगल, संध्याकाळच्या आत लाँचवर परतायचं. चौथ्यात तलावाखालचा बोगदा. शेवटच्या टप्प्यात एक कचेरी. तिथं जाफर नाही, नुसत्या फायली. एका टेबलावर पाय ठेवला की दुसऱ्या मजल्यावरचं कपाट बंद होतं. वाटेत एक हाडांचा सांगाडा, पहिल्या भागातल्यासारखाच, मारला तरी मरत नाही. फक्त त्याच्या हातात तलवारीऐवजी त्रुटींची यादी. आणि मदतीला तो इमानी उंदीर, जो १९८९मध्ये राजकन्येनं पाठवला होता. इथं तो चहा घेऊन येतो आणि जाता जाता आत कोण आहे ते सांगतो.

आराखडा नानांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली, दरवाजांच्या पानावर ‘भोंगा?’ असं लिहिलं आणि शेवटच्या पानावर थांबले.

“ह्या कचेरीच्या टप्प्याला मुदत किती ठेवलीस?”

“साठ मिनिटं.”

नानांनी ते खोडलं नाही. खाली स्वच्छ अक्षरात एक ओळ वाढवली: ‘मुदतवाढीचे अधिकार राखून.’